देवमनच्या मापाची जागा

अकोला, ९ जानेवारी २०२५

प्रिय शेषूभाऊ,

नमस्कार. माझं अक्षर पाहून घाबरू नको, मृत्युपत्र नाही. पुण्याजवळच्या एका रिसॉर्टवर तीन दिवसांचं शिबिर करून आलो. विषय होता, 'कलावंतांकडून उद्योजकाने काय शिकावं'. आम्ही चाळीस कारखानदार होतो. पहिल्या दिवशी डोळे बांधून माती मळली. दुसऱ्या दिवशी एकमेकांची चित्रं काढली. एका सिमेंटवाल्याने मला बटाट्यासारखं काढलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी रडलो. कशासाठी ते आता आठवत नाही, पण मोकळं वाटलं.

मार्गदर्शक म्हणाले, आयुष्यातल्या एखाद्या सर्जनशील माणसाला हाताने पत्र लिहा. फोन नाही, मेसेज नाही. लिहिताना हात आणि मेंदू यांची दोस्ती होते म्हणे. मी यादी करायला बसलो तर यादीत तुझं एकट्याचं नाव आलं. आपल्या खानदानात दुसरं कोणी वाया गेलेलं नाही.

बाबांनी सुरू केलेली डाळमिल मी एमआयडीसीत केवढी वाढवली ते तू जाणतोस. तुरीची डाळ इथून हैदराबादपर्यंत जाते. सगळं आहे, पण नावीन्य नाही. तर कलावंत नेमकं काय करतो, ते चार-पाच मुद्द्यांत लिहून पाठव. उत्तरही हातानेच लिही, नाहीतर माझा सराव मोडेल.

तुझा मामेभाऊ,
ललित

*

अमरावती, १७ जानेवारी

ललित,

पत्र मिळालं. जाड कागद, सोनेरी कडा. पोस्टमनने विचारलं, कोर्टाचं आहे का. मी म्हटलं, नाही, भावाचं. तो म्हणाला, मग तेच.

मुद्दे नाहीत माझ्याकडे. चित्रकार बघत बसतो, एवढंच मला माहीत. भाकर थंडी होईपर्यंत बघतो, बायको बोलते, तरी बघतो. मग काहीतरी काढतो, ते वाईट निघतं, ते पुसतो. चित्र हे बरंचसं पुसण्याचं काम आहे. हे तुझ्या शिबिरात सांगितलं असतं तर त्यांना तीन दिवस भरायला माती लागली नसती.

तू स्वतःला विचारलं असतंस तरी चाललं असतं. अकोटच्या शाळेत तू माझ्याहून बरा बैल काढायचा. माझा बैल गोठ्यातला असायचा, तुझा चालून राहिला असायचा. मग मामाने तुझी वही काढून घेतली अन् तुला गिरणीच्या काट्यावर बसवलं. तुझं सर्जन तिथेच कुठेतरी पोत्याखाली असेल, झाडून घेताना बघ.

आणि देवमन कसा आहे? माझ्या वर्गातला, मामाने तुमच्याकडे कामाला लावलेला. गॅदरिंगमध्ये त्याला एकच वाक्य होतं. धावत येऊन म्हणायचं, "महाराज, शत्रू आला." तो धावत आला, मागे वळून नीट पाहिलं अन् म्हणाला, "कोनीच नाई आलं बाप्पा." गुरुजींनी पडदा पाडला. त्याला माझा निरोप सांग.

शेषराव

*

अकोला, २५ जानेवारी

प्रिय शेषूभाऊ,

तुझं पत्र मी मॅनेजमेंट टीमसमोर वाचून दाखवलं. 'चित्र हे बरंचसं पुसण्याचं काम आहे' यावर तर आमच्या एचआरच्या आरती मॅडमनी डोळे पुसले. तू लिहिण्यापेक्षा इथेच ये. शनिवार, आठ फेब्रुवारी, अकरा मॅनेजर, दिवसभर. मागच्या महिन्यात त्यांना प्रेरणेसाठी चिखलदऱ्याला पाठवलं होतं. धुकं बघा, कॉफीची झाडं बघा म्हटलं. परत आले ते भज्यांचे फोटो घेऊन.

शाल-श्रीफळ आहेच. पण त्याहून मोठं एक सांगतो. मिलची रस्त्याकडची भिंत आत्ताच प्लास्टर केलीय. सात फूट उंच, दोनशे फूट लांब. अंकुर म्हणतो जाहिरात लावू. (अंकुर आमचा ऑपरेशन्सचा मॅनेजर, हुशार पोरगा, एमबीए.) मी म्हटलं थांब, ही भिंत माझ्या भावाची. तुला हवं ते रंगव. मी एक शब्द बोलणार नाही.

देवमन आहे. गच्चीवर तूर वाळवतो. अंकुरला विचारून खात्री करून घेतली.

तुझा,
ललित

*

अमरावती, १३ फेब्रुवारी

ललित,

शालीबद्दल आभार. घरात आता सात झाल्या. थंडी तेवढी पडत नाही.

तू माझी ओळख 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे' अशी करून दिलीस. मी एकदा बऱ्हाणपूरला एक बोर्ड रंगवला होता. तेवढं सोडलं तर महाराष्ट्राबाहेर माझं काही नाही, पण तुझ्या मॅनेजरांचे चेहरे पाहून बोललो नाही. पोरं वाईट नाहीत. फक्त प्रत्येकाला चौकटीबाहेर विचार करायचा आहे आणि चौकटीत काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. म्हणून त्यांना चहा झाल्यावर गच्चीवर नेलं. अकराजणांपैकी सहाजण पहिल्यांदाच वर आले होते.

देवमन ओळखेल की नाही वाटलं होतं. म्हणाला, "शेषू, तुयं पोट लय वाढलं." मग कामाला लागला. तेल-पाणी दिलेली तूर ऊन खात पसरली होती. त्याने मूठभर उचलली, कानाशी नेली, हलवली, एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाला, "अजून दीड घंटा." अंकुरने विचारलं, कसं कळलं? तो म्हणाला, "वाजते ना." लवकर उचलली तर साल सुटत नाही, उशीर झाला तर दाणा फुटून चुरी होते; मधला जो घटकाभराचा वेळ, तो त्याला ऐकू येतो. मी अकराही जणांच्या हातात मूठ दिली. तासभर डोळे मिटून बसले. एकालाही काही ऐकू आलं नाही. मलाही नाही. दीड तासाने देवमन उठला अन् म्हणाला, "उचला."

तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो ते तुलाही लिहून देतो. तुझ्या गिरणीत कलावंत एकच आहे आणि तो गच्चीवर बसतो. एकतीस वर्षं त्याने एकच गोष्ट केली आहे, रोज नव्याने ऐकून. आमच्याकडून शिकायचंच असेल तर एवढं शीक, की असा माणूस सापडला की त्याला हात लावायचा नाही. त्याला तिथेच बसू दे. अजून त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत आणि धाकट्या पोरीचं, पिंकीचं, नर्सिंगही तेवढंच बाकी आहे. जाताना जिन्यात तो मला म्हणाला, "शेषू, लोक पाहाले आले की मले भेव वाटते." मी त्याला हसलो.

भिंत पाहिली. पावलांनी मोजली, वेड्या बयताडासारखी, दोनदा. प्लास्टर छान बसलंय. घरी आल्यापासून जेवताना समोर तीच दिसते.

शेषराव

*

अकोला, ५ मार्च

प्रिय शेषूभाऊ,

तू माझे डोळे उघडलेस. 'आमच्या मिलमध्ये कलावंत एकच' हे वाक्य मोठ्या अक्षरात मीटिंग रूममध्ये लावलंय. आणि नुसतं वाक्य लावून थांबलो नाही. देवमनला गच्चीवरून खाली आणलं. एवढा मोठा कलावंत उन्हात बसतो, लोक काय म्हणतील. एसी केबिनमध्ये खुर्ची दिली, मिलचा शर्ट दिला, पद दिलं: सर्जनशीलता राजदूत. कार्डही छापली. त्याने ती वाटली नाहीत, पण छापली.

अंकुरने तर कमाल केली. तीन आठवडे देवमनला ओलावा मोजायच्या यंत्राशेजारी बसवलं. देवमनने मूठ ऐकून सांगायचं, यंत्राने आकडा द्यायचा, दोन्ही संगणकात टाकायचे. चौदाशे मुठी झाल्या. आता देवमनचा कान यंत्रात उतरलाय, आणि यंत्राला जेवणाची सुट्टी लागत नाही. गरम हवेचा ड्रायर नोव्हेंबरातच मागवून ठेवला होता. त्याला आत्मा नव्हता, तो तू मिळवून दिलास. गच्चीचा त्रासच संपला.

नागपूरच्या उद्योजक मेळाव्यात यावर मी बोलणार आहे. तुझं नाव घेईन. भिंतीचं कधी?

तुझा,
ललित

*

अमरावती, ११ एप्रिल

ललित,

देवमन आला होता. अकोल्याहून एसटीने आला आणि राजकमल चौकापासून तासभर माझं दुकान शोधत फिरला. सापडेना, कारण तो पेंटरचं दुकान शोधत होता.

तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. अकरा वर्षांत मी ब्रश धरलेला नाही. नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स करतो. संगणकावर डोकी कापतो आणि हारांच्या वर चिकटवतो. कोणाचं डोकं कोणापेक्षा मोठं ठेवायचं, एवढीच माझी रचना. देवमन आत आला तेव्हा मी एका नगरसेवकाचं टक्कल झाकत होतो. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे तू करतं?" मी हो म्हटलं. त्याने मान डोलावली. तू त्याला राजदूत केलंस तेव्हाही त्याने अशीच मान डोलावली असेल.

मग सांगितलं त्याने. "मले खुर्चीवर बसोलं भाऊ. मंग म्हनलं, ऐकून सांगा. मी सांगतलं. रोज सांगतलं. मले काय मालूम, मी मायंच काम त्या डब्ब्याले शिकून राहिलो. एक दिवस म्हनलं, झालं, आता डब्ब्याले येते." एकतीस मार्चला तुम्ही सत्कार करून त्याला घरी पाठवलं. त्याला त्याचाच फोटो दिला, चौकटीत. तो फोटो पिशवीतून काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, घरी नेला तर पिंकी विचारते की शिकू का सोडू. तिला काय सांगायचं ते त्याला माहीत नाही, म्हणून तो माझ्याकडे आला. मी शिकलेला ना.

मी त्याच्याकडे अकरा लोक घेऊन गेलो नसतो तर तुझ्या अंकुरला गच्चीचा जिना कुठे आहे हे कळायला अजून दोन वर्षं लागली असती. तेवढीच देवमनला हवी होती. म्हणून हे पत्र. त्याला परत घे. राजदूत नको, गच्चीवर घे. तोवर भिंतीचं नाव माझ्याजवळ काढू नको.

शेषराव

*

अकोला, २० एप्रिल

प्रिय शेषूभाऊ,

तू फार मनाला लावून घेतोस, कलावंत लोक असतातच तसे. शिबिरात सांगितलं होतं.

देवमनचं मला व्यक्तिशः वाईट वाटलं. पण त्या दिवशी मी ठरवून बाहेरगावी होतो, म्हणजे निर्णयावर माझ्या भावनांचा परिणाम होऊ नये. आरती मॅडमनी फार छान निरोप दिला. आपल्या भाषणात त्यांनी तुझंच वाक्य वापरलं: चित्र हे बरंचसं पुसण्याचं काम आहे. देवमनसकट नऊ जण होते. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं.

गच्चीवर त्याला कसा घेऊ? गच्चीवर सोलर बसलं.

भिंतीबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. जूनमध्ये बाहेरचे खरेदीदार मिल बघायला येणार आहेत, तोवर भिंत कोरी ठेवता येत नाही. तू नाही म्हणालास तर अंकुर दोनशे फुटांचा फ्लेक्स लावणार आहे. तो म्हणतो, अमरावतीत एकजण स्वस्तात करून देतो. तुझंच दुकान निघालं तर मला हसू येईल.

मे महिन्यात ये. काय काढायचं ते तूच ठरव. शब्द दिलाय तो दिलाय.

तुझा,
ललित

*

अमरावती, २ जून

ललित,

भिंत झाली. तू बाहेरगावीच होतास, म्हणून लिहून कळवतो.

येणार नाही म्हणालो होतो आणि आलो. देवमनसाठी आलो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. भिंतीसाठी आलो. अकरा वर्षांनी कोणी दोनशे फूट दिले तर माणूस स्वतःच्या शब्दाला किती किंमत देतो ते मला या मे महिन्यात कळलं. अठरा दिवस पहाटे पाचला सुरू करायचो, नऊ वाजता भिंत तव्यासारखी तापायची, ब्रशमधला रंग भिंतीला लागायच्या आधी वाळायचा. तुझ्या वॉचमनने, पुंजाजीने, पाणी दिलं. अठराही दिवस मी सुखात होतो. ते मला देवमनला सांगता आलं नाही.

भिंतीवर तुझी गच्ची आहे. सोलरच्या आधीची. तांबूस तूर या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर पारवे, ऊन. तिच्या मधोमध एक जागा मी रंगवलेली नाही. विसरलो नाही. देवमनला दुकानात कागदापुढे उभं केलं, मूठ कानाशी धरायला लावली, आणि त्याच्या अंगाभोवती खडूने रेघ ओढली. तो कागद कापून भिंतीवर लावला आणि बाहेरून रंगवलं. म्हणजे तिथे आता त्याच्या मापाचं नुसतं प्लास्टर आहे.

तू म्हणाला होतास, एक शब्द बोलणार नाही. तेवढा पाळ. ती जागा तशीच राहू दे. रस्त्याने जाणाऱ्याला दिसू दे की इथे एक माणूस होता.

शेषराव

*

अकोला, ६ जुलै

प्रिय शेषूभाऊ,

भिंत हिट झाली. अकोल्यात सध्या दोनच गोष्टींची चर्चा आहे, उड्डाणपूल आणि आपली भिंत. खरेदीदारांसोबत दिल्लीचा एक सल्लागार होता. तो त्या कोऱ्या जागेपुढे पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, हे धाडस आहे, यात प्रत्येकाला स्वतःला बघता येतं. मग तो स्वतःच त्यात जाऊन उभा राहिला आणि फोटो काढला. आता रांग लागते. कॉलेजची पोरं येतात, नवराबायको येतात.

पण एक अडचण होती. ते माप कोणालाच नीट बसत नाही. सल्लागार फार जाड निघाला, पोरं बुटकी. तेव्हा मला एकदम सुचलं, आणि हे मी तुझ्याकडूनच शिकलो बरं का, की उत्तर नेहमी समोरच असतं. देवमनला परत बोलावलं.

तुझी इच्छा पूर्ण झाली म्हण. मिलमध्ये नाही, ठेकेदारामार्फत, पाहुणे येतील त्या दिवशी. मंगळवार, शनिवार. त्या जागेत जाऊन उभं राहायचं, मूठ कानाशी धरायची. तंतोतंत बसतो. पाहुणे आधी भिंत बघतात आणि मग भिंतीतून माणूस श्वास घेताना दिसतो, तेव्हा बायका दचकतात. मी त्याला विचारलं, चालेल ना? तो म्हणाला, "उभंच राहाचं हाये ना." बोलायचं नाही असं अंकुरने बजावलंय, पुतळ्यासारखं दिसलं पाहिजे. म्हणजे पिंकीचंही मार्गी लागेल.

आणि एक गंमत. मुठीत द्यायला आम्ही ड्रायरमधून निघालेला ताजा माल देतो, खोटं काही नको म्हणून. तर परवा पाहुण्यांसमोर देवमनने मूठ हलवली, थोडं थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नाही नाही अशी. इतकं सुंदर केलं त्याने की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं, हे दर वेळी करायचं. आता दर वेळी करतो. इतकी वर्षं हा नट आपल्या गच्चीवर बसून होता आणि आपल्याला पत्ता नाही.

बाकी धंद्यात थोडं वरखाली चालूच. हैदराबादच्या व्यापाऱ्याने दोन ट्रक परत पाठवले, डाळीला कुबट वास येतो म्हणतो. भाव पडले की व्यापाऱ्यांची नाकं तीक्ष्ण होतात. अंकुर म्हणतो, यंत्राचे आकडे अचूक आहेत.

पुढच्या महिन्यात इंदूरला बोलायला बोलावलंय. विषय तोच, कलावंतांकडून काय शिकलो. दोन-चार मुद्दे पाठव ना.

तुझा,
ललित

*

अमरावती, १२ जुलै

ललित,

मुद्दा एकच आहे, आणि तो तुला अकोटच्या शाळेपासून माहीत आहे.

देवमनला नाटक येत नाही.

शेषराव